सेतुमाधव राव आणि न आढळलेलं शिसं

सेतुमाधव राव यांनी पहिल्याच भेटीत मला हात धुवायला लावले, आणि तेही तीनदा. मी पाण्याचा नमुना घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. नमुना तांब्याच्या चकचकीत बाटलीत होता आणि बाटलीवर आमच्या सोसायटीचं नाव कोरलेलं होतं. त्यांनी बाटली हातात घेतली, झाकण न उघडताच परत टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मी पाणी मोजूं का बाटली मोजूं?"

मला वाटलं, माणूस विनोदी आहे. पुढच्या दहा मिनिटांत कळलं की ते त्यांच्या गावीही नव्हतं.

"पाण्यांतले धातू पाहायास तुम्हीं पाणी धातूंत घालून आणलांत," ते शांतपणे म्हणाले. मग ॲसिडनं धुतलेल्या प्लास्टिकच्या दोन बाटल्या माझ्या हातात दिल्या. एक सकाळी नळ कोणी उघडण्याआधी भरायची, दुसरी पाणी पाच मिनिटं वाहू दिल्यावर. बाटलीच्या तोंडाला बोट लावायचं नाही. कपाळाला कुंकू लावलेल्या माणसाकडे बाटली द्यायची नाही, कारण काही कुंकवांत शिसं असतं. केसांना कलप लावणाऱ्याकडेही नाही. हे सांगताना त्यांनी माझ्या केसांकडे एकदा पाहिलं. मी परत हात धुतले.

मी हेरंब, बँकेतून निवृत्त, मूळचा सोलापूरचा. मुलगा चेन्नईत नोकरीला, म्हणून आम्ही पेरुंगुडीत. आमच्या सोसायटीच्या बाल्कनीतून दलदल दिसते. माहितीपत्रकात तिला 'सरोवर' म्हटलं आहे. आमच्याकडे पाणी टँकरनं येतं, पण लॉबीत एक कारंजं आहे, त्याचं नाव 'पंचधातू अमृतधारा'. सोसायटीच्या सचिव विद्युलताबाई नागपूरच्या. त्यांनी कुठल्याशा आरोग्यवर्धन कंपनीकडून ते आणलं. पितळी गोमुखातून पाणी पडतं, खाली तांब्याचं घंगाळ, मधे झाळून जोडलेल्या बऱ्याच वाकड्यातिकड्या नळ्या. उद्घाटनाला मंत्र झाले, केटरिंग झालं, आणि प्रत्येक घराला एकेक कोरलेली बाटली मिळाली. महिन्याभरात सोसायटीच्या ग्रूपवर साक्षी येऊ लागल्या. कोणाचं पचन सुधारलं, कोणाचा गुडघा. एका गृहस्थांना परदेशातून नोकरीचं बोलावणं आलं, त्याचं श्रेयही त्यांनी पाण्याला दिलं. मीही रोज एक बाटली पीत होतो. मला काही झालं नाही, पण मी 'हलकं वाटतं' असं लिहून टाकलं. सगळेच लिहीत होते.

सातव्या मजल्यावर कीर्तना नावाची मुलगी राहायची. सॉफ्टवेअरमधली, सहावा महिना चालू. तिनं सभेत साधा प्रश्न विचारला की या पाण्याची तपासणी झाली आहे का. विद्युलताबाई म्हणाल्या, "हजारो वर्षांच्या परंपरेला लॅबच्या कागदाची गरज नसते." कीर्तना म्हणाली, परंपरा हजारो वर्षांची असेल, कारंजं तीन महिन्यांचं आहे. सभेत थोडं हसू फुटलं आणि त्या हसण्यामुळेच तपासणीचा ठराव झाला. बाईंना कागद हवा होता, तो लिफ्टशेजारी लावायला. काम माझ्याकडे आलं, कारण कमिटीत रिकामा मीच होतो.

लॅब गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत. एका बाजूला गिअर कापणारं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला पावडर कोटिंग. पुढचा भाग नुसता काचेचा. तिथं काचेच्या खोलीत एक भलंमोठं परदेशी यंत्र बसवलेलं आणि त्याला चंदनाची माळ. गिऱ्हाईक आलं की व्यवस्थापक विश्वजित त्याला त्या काचेसमोर उभं करायचे. विश्वजित पुण्याचे, चाळिशीतले, पदाचं नाव 'ग्राहक-आनंद प्रमुख'. ते यंत्र चालवायला जो गॅस लागतो तो महाग पडतो, म्हणून ते फक्त निरीक्षक येतात त्या दिवशी चालू व्हायचं. बाकीचे सगळे दिवस धातूंची मोजणी मागच्या बाजूला, जिन्याखालच्या खोलीत, सेतुमाधव रावांच्या जुन्या यंत्रावर होत असे. त्या यंत्राला माळ नव्हती, आणि गिऱ्हाइकाला ते कोणी दाखवतही नसे.

मी दोन बाटल्या भरून आणल्या तेव्हा, मी मराठी बोलणारा म्हणून असेल, सेतुमाधवांनी मला आत बसू दिलं. ते तंजावरचे. घराणं तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं, त्यामुळे त्यांची मराठी निराळी. आपण 'मी केलं' म्हणतो, ते 'मी केलों' म्हणायचे, आणि मधेच एखादं तमिळ 'सरि' टाकायचे, म्हणजे 'बरं'. विश्वजितना त्याची फार गंमत वाटे. "सर शिवकालीन बोलतात," असं ते गिऱ्हाइकांना सांगत, वस्तुसंग्रहालयातली वस्तू दाखवावी तसं. सेतुमाधव ऐकून घेत. अठ्ठावन्न वर्षांचे, किडकिडीत, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटा ब्रश. धूळ हा त्यांचा शत्रू. "धुळींत शिसें असतें," ते म्हणत. "मी तुमचें पाणी मोजावें, गिंडी मोजूं नये."

त्यांनी नमुना छोट्या पेल्यात घेतला, त्यातून नायट्रोजनचे बुडबुडे सोडले आणि मग काचेच्या बारीक नळीच्या टोकाला पाऱ्याचा एक थेंब लोंबकळत ठेवला. साबुदाण्याच्या दाण्याहून कितीतरी लहान. मी विचारलं, एवढ्याशा थेंबानं काय कळणार?

"थेंबास उणें व्होल्टेज देतों," ते म्हणाले. "पाण्यांतले धातू ओढीनें येतात, थेंबांत शिरून बसतात. दोन मिनिटें बसूं देतों. पाण्यांत थोडके असतात, थेंबांत दाटी होते. मग व्होल्टेज हळू हळू उलट आणतों. एकेक धातु आपल्या ठिकाणीं उतरतो. जस्त आधीं. मग कॅडमियम. वजा चारशे मिलिव्होल्टांच्या आसपास शिसें. तांबें शेवटीं. उतरतांना करंट येतो. किती आला, तितका धातु."

कागदावर पेन सरकू लागलं. रेघ सपाट, सपाट, आणि वजा चारशेपाशी एक डोंगर उभा राहिला. पुढे तांब्याचा आणखी मोठा. सेतुमाधवांनी पेला धुतला, नुसतं शुद्ध पाणी घालून मोजलं, रेघ सपाट आली. मग आमचं पाणी पुन्हा. मग त्यात शिशाचा मोजून एक थेंब टाकून पुन्हा. असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी वहीत लिहिलं: पहिलं, रात्रभर झाळलेल्या नळ्यांत साचलेलं पाणी, लिटरमागे चौसष्ट मायक्रोग्रॅम शिसं. वाहतं पाणी, तेवीस. पिण्याच्या पाण्याची मर्यादा दहा.

"हें कोण पितात?" त्यांनी विचारलं.

"सगळेच," मी म्हणालो. 'मीही' म्हणायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी विश्वजितनी मला आणि विद्युलताबाईंना बोलावून घेतलं. मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, आणि कॉफी आली. बाईंनी आकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा आधी पडला, मग चढला. "हे शक्य नाही. तुमचं मशीन जुनं आहे."

विश्वजित हसले. "मॅडम, टेन्शन घेऊ नका. आपण रिपोर्टिंग लिमिट शंभर ठेवू. शंभरच्या खाली जे काही असेल ते 'आढळले नाही' असं छापता येतं. तळाला बारीक टाइपात लिमिट लिहितो आपण. खोटं काहीच नाही."

म्हणजे दहाची मर्यादा ओलांडली की नाही, हे शंभरच्या फूटपट्टीनं बघायचं. बाईंना ते एकदम पटलं. मी तेव्हा मुरुक्कू खात होतो. माझं तोंड भरलेलं होतं, एवढं एकच कारण मला आजवर स्वतःला देता आलेलं आहे.

सहीसाठी सेतुमाधवांना बोलावलं. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"हें यंत्र एकसुद्धां पाहतें," ते म्हणाले. "अर्धेंही पाहतें. शंभर लिहिलों तर यंत्र आंधळें म्हणून लिहिल्यासारखें."

"सर, यंत्राला काय वाईट वाटणारे?" विश्वजित म्हणाले.

"माझें नांव आहे त्याच्यावर."

"मग घ्या ना विचार करायला एक दिवस."

"सरि," म्हणून ते निघून गेले. त्यांनी भाषण केलं नाही की राजीनामा दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरे आकडे, डोंगरांचे कागद आणि आपली सही असा अहवाल विश्वजितच्या टेबलावर ठेवला, आणि काम झालं असं समजून जिन्याखाली गेले. सरकारी खात्यात हे चालून गेलं असतं. विश्वजितच्या संगणकात सेतुमाधवांच्या सहीचं चित्र आधीच साठवलेलं होतं.

दोन दिवसांनी आमच्या लिफ्टशेजारी रंगीत कागद लागला. शिसे: आढळले नाही. खाली सही. बाईंनी त्याला फ्रेम केली होती. ग्रूपवर टाळ्यांची चित्रं आली. मी एक टाळी टाकली.

कीर्तनानं मात्र तळाचा बारीक टाइप वाचला. लॅबला फोन करून तिनं विचारलं की शंभर ही मर्यादा कोणी ठरवली. दोनदा फोन 'ग्राहक-आनंद' विभागाकडे गेला आणि तिकडचं संगीत ऐकवून बंद झाला. तिसऱ्यांदा चुकून जिन्याखाली वाजला. सेतुमाधवांनी तिच्याकडून तमिळमधून सगळा कागद वाचून घेतला. शेवटी विचारलं, सही कोणाची आहे. तिनं त्यांना त्यांचंच नाव वाचून दाखवलं.

त्या रविवारी सकाळी आठला आमच्या वॉचमननं मला खाली बोलावलं. लॉबीत सेतुमाधव उभे होते, हातात रेक्झिनची पिशवी. बसनं आले होते.

"माझी सही पाहायास आलों," ते म्हणाले.

मी त्यांना लिफ्टपाशी नेलं. त्यांनी चष्मा लावून फ्रेम न्याहाळली. "चांगली आहे. मीच केल्यासारखी आहे."

मग वर्तमानपत्रांचं टेबल ओढून कारंज्याशेजारी घेतलं. पिशवीतून लॅपटॉप आणि जेवणाचा डबा काढला. डब्यात तळहाताएवढं एक यंत्र होतं, ते त्यांनी स्वतः जुळवलेलं, आणि बिस्मथचा लेप दिलेल्या कार्बनच्या पट्ट्या. यात पारा लागत नाही, म्हणून बाहेर नेता येतं. त्यांनी ते पूर्वी विश्वजितना दाखवलं होतं. गिऱ्हाइकाला लहान मशीन आवडत नाही, असं उत्तर आलं होतं.

रविवार असल्यानं बाटल्या भरायला रांग होती. सेतुमाधवांनी कोणालाच अडवलं नाही. माझ्या घरून मागवलेलं स्वयंपाकघराच्या नळाचं पाणी पेल्यात घेतलं, पट्टी बुडवली आणि दोन मिनिटं थांबायला सांगितलं. आमच्या सोसायटीत दोन मिनिटं नुसतं उभं राहायची सवय कोणालाच नाही. एकानं याचं ॲप आहे का विचारलं. एकानं व्हिडिओ सुरू केला. लॅपटॉपवर रेघ आली, जवळजवळ सपाट. मग रांगेआधी गोमुखातून भरून ठेवलेलं पहिलं पाणी. पुन्हा दोन मिनिटं. या वेळी डोंगर आला. रांग मोडून लोक टेबलाभोवती गोळा झाले.

विद्युलताबाई मॉर्निंग वॉकचे बूट घालूनच आल्या. "हे काय चाललंय? हे खेळणं आहे."

"होय," सेतुमाधव म्हणाले. "मोठें यंत्र लॅबांत आहे. त्यास माळ घातली आहे."

"आणि तो डोंगर शिशाचाच कशावरून?"

हा प्रश्न त्यांना मनापासून आवडला. त्यांनी लहान कुपी काढली, तिच्यातल्या शिशाच्या द्रावणाचा मोजून एक थेंब त्याच पेल्यात टाकला आणि पुन्हा मोजलं. नवा डोंगर आला नाही. होता तोच, होता तिथंच, उंच झाला. लहान मुलांनाही कळेल इतकं ते स्पष्ट होतं. बाईंना कळलं नाही, किंवा कळून घ्यायला वेळ नव्हता. त्या फोन लावत बाहेर गेल्या.

कीर्तना मागे उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "किती?"

"एकसष्ट. लॅबांत चौसष्ट आलें होतें."

"मी तीन महिने रोज प्यायले."

सेतुमाधव थोडा वेळ पट्टी पुसत राहिले. मग तमिळमध्ये म्हणाले की ते फक्त पाण्याचं सांगू शकतात, रक्ताचं डॉक्टर सांगतील, आणि तिनं उद्याच जावं. आवाजात काहीही फरक नव्हता, पण पट्टी कधीच कोरडी झाली होती आणि ते ती पुसतच होते.

त्यानंतर जे झालं ते आमच्या सोसायटीला शोभेल असंच झालं. 'ऊर्जेच्या पुनर्संतुलनासाठी अमृतधारा तात्पुरती बंद' असा संदेश ग्रूपवर आला. कारंजं अजून तिथंच आहे, कोरडं. घंगाळात प्लास्टिकची कमळं आहेत. कंपनीनं सहावा धातू विनामूल्य बसवून देण्याची तयारी दाखवली होती. ज्यांचा गुडघा पाण्यानं बरा झाला होता त्यांचा पाणी बंद झाल्यावरही तसाच बरा राहिला, आणि याबद्दल त्यांना काही विचित्र वाटलं नाही. कीर्तनाच्या रक्तात शिसं थोडं वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी लक्ष ठेवलं, मुलगी झाली, ठीक आहे. ते लोक घर सोडून गेले. मीही रक्त तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, मर्यादेत आहे. कोणती मर्यादा, असं विचारायची सवय मला तोवर लागली होती.

सेतुमाधवांना विश्वजित काढूनच टाकणार होते. तसं पत्रही तयार झालं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की धातूंच्या अहवालांवर सही करायचा अधिकार मान्यतेच्या कागदावर त्या एकट्या माणसाच्या नावावर आहे आणि निरीक्षक पुढच्या महिन्यात येणार आहेत. तेवढ्यात लॉबीतला व्हिडिओ गावभर फिरला. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या सोसायट्या फोन करून सांगू लागल्या की त्या डबेवाल्या म्हाताऱ्याकडूनच मोजून हवं. पत्र फाडलं गेलं. विश्वजितनी दर्शनी भागात सेतुमाधवांचा मोठा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'आमची सही म्हणजे आमचा शब्द'. फोटोलाही माळ घातली होती. जिवंत माणसाला माळ घालत नाहीत, हे कोणीतरी सांगितल्यावर ती काढली. सेतुमाधवांनी एकच मागणी केली, संगणकातलं सहीचं चित्र पुसावं. विश्वजितनी ते त्यांच्यासमोर पुसलं. त्याची दुसरी प्रत कुठं असेल, ते विचारायचं सेतुमाधवांना सुचलं नाही. पाऱ्याच्या थेंबात काय लपतं ते त्यांना कळतं, माणसांचं तेवढं नाही.

मग एका रविवारी त्यांनी मला सैदापेटला घरी जेवायला बोलावलं. मला ओशाळल्यासारखं झालं होतं, तरी गेलो. त्यांच्या पत्नी कृष्णवेणी वाढत होत्या. भातावर सार आलं, ते एका जड, पांढुरक्या भांड्यातून. याला तिकडे ईयचोंबू म्हणतात. कथिलाचं भांडं, सार त्यातच ठेवायचं, तरच चव, अशी सगळ्या घरांची श्रद्धा. कथिलात भेसळ झाली तर ती शिशाचीच होते, हे मी एव्हाना शिकलो होतो.

मी चेष्टेनं म्हणालो, "हे तपासलंत की नाही कधी?"

"तपासलों," सेतुमाधव म्हणाले. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षीं. हें नव्हे, अगोदरचें. आईचें होतें."

"मग?"

"शिसें होतें. पुष्कळ." त्यांनी भात कालवला. "आई देवळास गेली होती तेव्हां बदललों. कुंभकोणांतून शुद्ध कथिलाचें आणलों, तसलेंच. तिला कळलें नाही."

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"तिच्या आईनें दिलेलें होतें. कसें सांगूं?"

कृष्णवेणींच्या हातातली पळी थांबली होती. "कुठल्या वर्षीं म्हणालांत?" त्यांनी विचारलं.

त्यांनी वर्ष सांगितलं. त्या उभ्या उभ्या मनात हिशेब करत होत्या.

"तेव्हांपासून सासूबाई म्हणत, साराची चव गेली," त्या सावकाश म्हणाल्या. "नवी सून आली, साराची चव गेली. एकोणीस वर्षें म्हणाल्या. दवाखान्यांत शेवटच्या आठवड्यांतसुद्धां म्हणाल्या. तुम्हीं शेजारीं बसून ऐकत होतां."

सेतुमाधव पानाकडे बघत म्हणाले, "शिसें आंबटांत गोड लागतें. तें गेल्यानें तिला तसें वाटलें."

इतकं अचूक उत्तर त्यांच्याशिवाय कोणीच दिलं नसतं. कृष्णवेणींनी भांडं उचललं आणि आत गेल्या.  सेतुमाधव हात तसाच ठेवून बसले होते. लॉबीत बाईंसमोर उभा राहिलेला माणूस हाच का, असं मला वाटून गेलं. आणि मग मुरुक्कू आठवून मी तो विचार सोडून दिला.

बऱ्याच वेळानं त्या ताक घेऊन आल्या. फक्त माझ्या वाटीत वाढलं, भांडं माझ्याच बाजूला ठेवलं आणि पुन्हा आत गेल्या. सेतुमाधवांनी ते हात लांब करून स्वतः घेतलं.